झोपेचा काटा

घुबडानं आमच्या घराचा निरोप घेतला तो सकाळच्या चहाला. बाबांनी नेहमीप्रमाणे चष्मा पुसला, फोन हातभर लांब धरला आणि मोठ्यानं वाचलं, "तुमचा फोन जुना झाल्यामुळे महिनाअखेरीनंतर हे ॲप त्यावर चालणार नाही. आजवरच्या सोबतीबद्दल आभार."

"आभार कसले?" आई म्हणाली.

"निवृत्तीच्या दिवशी मलाही असंच म्हणाले होते," बाबा म्हणाले, आणि फोन उपडा ठेवला.

घुबड म्हणजे झोप मोजणारं ॲप. त्याचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण चित्र घुबडाचं होतं, त्यामुळे घरात नाव तेच पडलं. रात्री फोन गादीच्या कोपऱ्यात चादरीखाली ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. मग ते घुबड रात्रभर माणसाचं घोरणं ऐकतं, कूस बदलणं टिपतं आणि सकाळी शंभरापैकी मार्क देतं. मार्क चांगले असले की घुबड हसतं, बरे असले की नुसतं बघतं, वाईट असले की रडतं. झोपेचा हिशेब ठेवायला रात्रभर जागणारा पक्षी कशाला, असा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नाही. हिशेब ठेवणाऱ्याला जागावंच लागतं, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून फिरून तराजू तपासायचे, आतून पोखरलेली वजनं पकडायची, पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक काढायचं, यात त्यांचा जन्म गेला. दुकानदाराचा अंगठा पारड्याला नुसता टेकला तरी त्यांना तो रस्त्यापलीकडून दिसायचा. "माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. काटा खोटं बोललाच, तर त्याच्यामागे माणूस असतो, ही त्याची पुरवणी. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा परदेशातल्या माझ्या बहिणीनं त्यांच्या फोनवर हे घुबड बसवून दिलं. बाबा त्याला घुबड म्हणायचे नाहीत. काटा म्हणायचे.

सुरुवातीचे महिने वाईट गेले. बाबांची झोप पहिल्यापासूनच तुटक, पण तोवर ती फक्त तुटक होती, आता ती अडतीस झाली. अडतीस म्हटल्यावर माणसाला थकवा येणारच. आधी त्यांनी सकाळचं फिरणं सोडलं, मग पत्त्यांचा अड्डा, मग जिना. डॉक्टरांनी सगळं तपासून "उत्तम आहे" म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांच्याकडे काटा कुठेय?" दुपारी ते खिडकीशी गुडघ्यावर शाल घेऊन बसायचे आणि रस्त्यावरच्या चालत्या माणसांकडे असे बघायचे, की ती माणसं जणू त्यांची झोप घेऊन चालली आहेत.

आणि मग एके दिवशी घुबड हसलं. एक्क्याऐंशी! दुसऱ्या दिवशी शहाऐंशी. पुढे तर ब्याण्णव हा आमच्या घरातला रोजचा आकडा झाला. शाल कपाटात गेली. बाबा फिरायला जाऊ लागले, भाजी आणू लागले, भाजीवाल्याचा वजनकाटा हलका आहे म्हणून त्याच्याशी भांडू लागले. घर पुन्हा घरासारखं झालं.

तोटा झाला तो माझा. मी एका विमा कंपनीत काम करतो आणि सकाळी उठायला मला थोडा वेळ लागतो. डोक्यावर केसांचं घरटं घेऊन मी चहाला आलो, की बाबा फोन माझ्यापुढे सरकवायचे.

"बघ. ब्याण्णव. झोपेलाही शिस्त लागते. मी झोपतो. तू लोळतोस."

"हो बाबा."

"कुंभकर्णही झोपायचा. पण त्याला कुणी मार्क दिले नाहीत."

सून, म्हणजे माझी बायको, सुटीच्या दिवशी घरी असली तर मान खाली घालून पावाला लोणी लावायची. आई गॅसकडे तोंड करून उभी असायची. दोघी माझ्या बाजूनं एक शब्द बोलत नाहीत, याचा मला राग यायचा. सासू-सुनेचं इतकं सूत जमणं घरातल्या पुरुषाला बरं नव्हे, असं मी एकदा बोलूनही दाखवलं. त्यावर दोघी इतक्या मनापासून हसल्या, की मीही हसलो. कशाला हसलो ते मला ठाऊक नव्हतं.

खरं तर काही गोष्टी मला तेव्हाच खटकायला हव्या होत्या. माझी दाढ ठणकली तो आठवडा घ्या. मी सुजलेला गाल घेऊन ऑफिसला जात होतो, आणि अंथरुणाला खिळले होते बाबा. घुबड रडत होतं. आई मात्र माझ्या मागे लागली होती. "काढून टाक ती दाढ. आजच काढ. तुझे हाल बघवत नाहीत रे." मला भरून आलं. लहानपणी माझा हात मोडला तेव्हा हीच बाई "खेळ अजून" म्हणाली होती. मग मी ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेलो, तर दुसऱ्याच दिवशी आईचा फोन. "कधी येतोस? घर खायला उठतंय." मी वसतिगृहात होतो तेव्हा घर कधी उठलं नव्हतं.

आणि तो पेला. बाबा सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी स्वयंपाकघरात जायचे आणि बेसिनपाशी उभे राहून कट्ट्याकडे बघत राहायचे. कट्टा पुसलेला, पेले मांडणीवर ओळीत. एकदा मला दबक्या आवाजात विचारलं, "रात्री पेला कुठे होता?"

"कुठला पेला?"

"काही नाही." मग म्हणाले, "काय रे, दादाला सगळ्यात आधी काय विसरायला झालं होतं?"

दादा म्हणजे माझे थोरले काका. शेवटी शेवटी ते आम्हालाच "आपण कोण?" म्हणून विचारायचे. "दार लावलं की नाही ते," मी म्हणालो. बाबांनी मान डोलवली आणि ब्याण्णवचा फोन खिशात टाकला. मी टोस्ट खाल्ला.

तर घुबडाची नोटीस आली. मला वाटलं, बाबा आकाशपाताळ एक करतील, ग्राहक मंचाला पत्र लिहितील. पण त्यांनी टॉवेल उचलला. तोंडचं पाणी पळालं होतं ते आईचं. बाबा आंघोळीला गेल्यावर तिनं मला गाठलं.

"काहीही कर, पण हा फोन चालू ठेव."

"फोन चालूच आहे आई. ॲप बंद होतंय."

"मग ते चालू ठेव."

"ते कंपनीच्या हातात आहे."

"कंपनीत ओळख नाही का कुणाची? इतकी वर्षं नोकरी करतोस!"

माझी ओळख विमा कंपनीत होती आणि तिथेही बेताचीच. तरी मी संध्याकाळी फोनच्या दुकानात जायला निघालो. बाबाही चपला घालून तयार होते.

दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. वरपासून खालपर्यंत फोनची कव्हरं टांगलेली, आणि मधोमध कपाळावर भिंग चढवून दुकानदार. त्यानं फोन उलटासुलटा केला.

"काका, फोन ठणठणीत आहे. आणखी पाच वर्षं मरत नाही."

"मग?"

"कंपनीनं हात वर केलेत. नवीन ॲपला नवीन फोन लागतो. जुन्या फोनला कुणी विचारत नाही."

"जुन्या माणसालाही नाही," बाबा म्हणाले.

"तुम्हाला विचारतोय ना मी," दुकानदार म्हणाला. तो धंद्यात मुरलेला होता. त्यानं काचेखालून एक काळा पट्टा काढला. "नवीन फोनबरोबर हा घ्या. मनगटाला बांधायचा. गादी, उशी, चादर, भानगडच नको. नाडीवरून झोप मोजतो. दुसऱ्या कुणाची झोप तुमच्या नावावर लागायचं कामच नाही."

मला वाटलं, आता बाबा विचारणार, यावर सरकारी शिक्का कुठाय? कुणी तपासलाय? पण त्यांनी पट्टा उचलून हातात धरला आणि विचारलं, "माणूस रात्री उठला. पाणी प्यायला. तर यात दिसेल?"

"चालला किती पावलं, तेपण दिसेल."

"आणि उठलाच नसेल, नुसतं त्याला वाटलं असेल, तर?"

"तर नाही दिसणार."

"मागवून ठेवा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मोठ्या तपासणीला होकार देणाऱ्या रुग्णासारखा होता. मला वाटलं, किमतीनं धक्का बसला असेल.

"उद्या दुपारी या," दुकानदार म्हणाला.

घरी येऊन मी उत्साहानं सांगितलं, की घुबड गेलं तर गेलं, आता मनगटाला पट्टा येतोय, त्यात चुकीला वावच नाही. आई स्टुलावर बसली. बसली म्हणजे, स्टूल तिथे होतं हे नशीब. सून माझा दंड धरून मला गॅलरीत घेऊन आली आणि दार लोटलं.

"पट्टा बांधला की सगळं संपलं. तुला कळतंय का?"

"काय संपलं?"

"अरे, ती झोप तुझी आहे."

"कुठली?"

"ब्याण्णव."

मग तिनं सगळं सांगितलं. बाबा शाल घेऊन खिडकीशी बसायला लागले तेव्हा आईनं ठरवलं, यांना झोप देता येत नाही तर निदान मार्क तरी देऊ. बाबांचा डोळा लागला की ती चादरीखालून फोन काढायची, त्याजागी त्यांच्या जुन्या चष्म्याचं घर ठेवायची आणि आमच्या खोलीच्या दाराशी फोन सुनेच्या हातात द्यायची. सून तो माझ्या बाजूच्या गादीखाली सरकवायची. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, तिची पाळी सकाळची. उजाडायच्या आत निघताना ती फोन आईला परत द्यायची. पहाटे बाबांना गुंगी येते, तेवढ्यात फोन पुन्हा जागेवर. मी बाहेरगावी असलो की ती स्वतः त्यावर झोपायची, पण तिच्या झोपेत गजराची धास्ती असते, त्यामुळे घुबड नुसतं बघायचं.

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुला झोप लागली असती?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कशाततरी ब्याण्णव मिळाले होते, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर. माझीच झोप रोज सकाळी माझ्यापुढे नाचवून मला शिस्त शिकवली जात होती. आयत्या बिळात नागोबा, आणि वर नागोबा उंदराला म्हणतो, तुला बीळ करता येत नाही.

पण चिडायला सवड नव्हती. पट्टा खरं सांगणार होता. खरं म्हणजे अडतीस. अडतीस म्हणजे शाल, खिडकी, आणि यावेळी कदाचित तिथून उठणंच नाही. आत आलो तेव्हा आई डोळे पुसून उठली होती. त्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी इतके महिने वय म्हणून खपवली होती.

"उद्या मीच सांगते त्यांना," ती म्हणाली. "काट्यावरचा अंगठा त्यांनी कधी कुणाला माफ केला नाही. आता बायकोचा निघाला. बघू काय करतात."

सकाळी सुनेनं दोन दिवसांची पाळी बदलून घेतली. चौघं टेबलाशी बसलो. बाबांनी स्वयंपाकघरात जाऊन कट्टा बघून घेतला, येऊन फोन हातात घेतला. घुबड हसत होतं. माझी रात्र नेहमीसारखीच बरी गेली होती, याची मला थोडी लाज वाटली.

"अहो," आई म्हणाली, "ती झोप तुमची नाही."

"कुठली?"

"कुठलीच नाही. ह्याची आहे." तिनं माझ्याकडे बोट केलं, जसं चोरीचा माल दाखवावा. आणि मग एका दमात सगळं सांगितलं, दारातली देवघेव, चष्म्याचं घर, पहाटेची गुंगी.

बाबांनी चष्मा काढला. तीस वर्षं दुकानदारांना जो आवाज ऐकवला त्या आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"एक्क्याऐंशी आले तेव्हापासून."

"एकही दिवस खाडा नाही?"

"नाही."

"म्हणजे मी रात्री उठत होतो?"

"उठणारच. तुम्ही कधी सलग झोपलात? मी डोळे मिटून पडायचे, तुम्हाला शंका यायला नको म्हणून."

"तीनदा?"

"कधी चारदा."

"पाणी पीत होतो? पेला बेसिनजवळ पालथा घालत होतो?"

"ते पेले तुम्ही पालथे घालायचात होय?" आई भडकली. "पहाटे उठून मी रोज ते पुसून मांडणीवर लावायचे, आणि मनात म्हणायचे, कोण हा पसारा करतंय! मी तर सूनबाईला नावं ठेवत होते."

"आई!" सून म्हणाली.

बाबा उठले. आत जाऊन त्यांनी मांडणीवरचा एक पेला काढला, बेसिनपाशी पालथा घातला, त्याच्याकडे नीट बघितलं आणि परत येऊन बसले.

"म्हणजे मी जागा होतो," ते म्हणाले. दहावीचा निकाल लागल्यावर मुलं बोलतात त्या सुरात. "अगं, मी खरंच जागा होतो!"

मग ते बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. रात्री आपण उठतो, पाणी पितो, पुन्हा येऊन आढ्याकडे बघत पडतो, हे त्यांना स्वच्छ आठवायचं. आणि सकाळी काटा सांगायचा, तू एकदाही उठला नाहीस. माणूस आणि काटा यांत फरक पडला तर चूक कुणाची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग त्यांनी पुरावा ठेवायचं ठरवलं, पालथा पेला. सकाळी पुरावाही नाही. त्यांनी निष्कर्ष काढला, की दादाचं झालं तेच आपलं सुरू झालं. दादा दार विसरला, आपल्याला न घडलेलं आठवतंय. पट्टा त्यांना झोपेसाठी नकोच होता. पट्ट्यानंही "उठला नाहीस" म्हटलं असतं, तर ते कुणाला न सांगता डोक्याच्या डॉक्टरकडे जाणार होते.

"आणि मग ते फिरणं, भाजी, भांडणं?" मी विचारलं.

"डोकं शाबूत आहे तोवर करून घ्यावं म्हटलं," बाबा म्हणाले.

आईनं खुर्ची त्यांच्याकडे ओढली. "मला उठवायचं नाही? रात्रभर एकटे घाबरत पडलात?"

"तू इतकी गाढ झोपलेली असायचीस. उठवणार कशी?"

"मी जागी होते हो!"

"मग बोलायचं नाही?"

"परत येऊन पडलात की तुम्ही झोपलाय असं वाटायचं!"

सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. आमच्या घरात दोन सोंगं एका गादीवर शेजारी शेजारी पडून होती, दोन्ही टक्क जागी, आणि पलीकडच्या खोलीत त्या दोघांच्या वाटची झोप मी एकटा घेत होतो.

थोड्या वेळानं बाबांनी चष्मा चढवला. निरीक्षक परत आले. "काट्यात फेरफार. जप्तीचा गुन्हा आहे हा."

"करा जप्त," आई म्हणाली. तिनं उठून चष्म्याचं ते जुनं घर आणून टेबलावर ठेवलं. "हा मुद्देमाल."

बाबांनी ते हातात घेऊन वजन अजमावलं. "फोनपेक्षा हलकं आहे," ते म्हणाले. "मला कळायला हवं होतं." आणि फोन आणि चष्म्याचं घर, दोन्ही त्यांनी हरवलेल्या यंत्रांचे चार्जर असतात त्या खणात टाकून दिले.

दुपारी दुकानदाराचा फोन आला तो माझ्यावर. "काकांचा पट्टा आलाय." बाबांनी माझ्या हातून फोन घेतला.

"तो दुसऱ्या कुणाला द्या. ज्याची झोप हरवली असेल त्याला. माझी सापडली. मुलाकडे होती."

त्या रात्रीनंतर आई उशिरा उठली. ऊन टेबलापर्यंत आलं तरी तिचा पत्ता नाही. सुनेनं हळूच डोकावून बघितलं आणि सांगितलं, "घोरतायत." बाबांनी चहा स्वतः केला. तो चहा होता हे त्यांनी सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. कुणी भांडं आपटलं की ते बोट ओठांवर ठेवायचे. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कशी लागली झोप?"

त्यांनी सवयीनं टेबलावर फोन शोधला. मग आठवलं. जरा विचार केला, खांदे हलवून बघितले, मान डावीउजवीकडे वळवून बघितली.

"वाईट," ते म्हणाले आणि खुशीत फिरायला गेले.

महिनाअखेर कधी आली ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. घुबड त्या खणात, अंधारात, पुन्हा कुणाचा निरोप न घेता गेलं असावं. आता बेसिनजवळ रोज सकाळी दोन पेले पालथे असतात आणि आई ते उचलत नाही. रात्री भिंतीपलीकडून दोघांच्या बोलण्याचा आवाज येतो. काय बोलतात ते कळत नाही, पण मधेच एक जण हसतं आणि दुसरं "हळू" म्हणतं.

मला तो आवाज येतो, कारण मीही जागा असतो. आपली झोप ब्याण्णव आहे हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून ती बिघडली. अंथरुणावर पडलं की मी नीट झोपतोय ना, याचीच काळजी लागते. सून म्हणते, "म्हणूनच सांगत नव्हतो." अखेर परवा मीही उठून पाणी प्यायलो.

सकाळी बाबा नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेले. बेसिनपाशी तीन पेले पालथे होते. त्यांनी ते मोजले, वळून माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोक्यावरचं केसांचं घरटं एकदा हातानं सारखं केलं.

"जा," ते म्हणाले, "लोळ जरा. ऑफिसला मी फोन करतो."